नवऱ्या मुलाचं नाव

परशुराम हे नाव शालनच्या तोंडून निघालं आणि रंगूबाईच्या ओटीवर गाणं तिथेच थांबलं.

नवऱ्या मुलाचं नाव हर्षित होतं. त्याची आई कमळाबाई समोर चटईवर बसली होती, पुढ्यात ताट, ताटात नारळ आणि सुपारी. ती मांडवाचं बोलावणं घेऊन आली होती आणि शालनचा आवाज एकदा ऐकून घ्यावा एवढीच तिची इच्छा होती. परशुराम म्हणजे शालनचा नवरा. तो कावीळ होऊन गेला त्याला पंधरा वर्षं झाली होती. बोहल्यावर चढायच्या मुलाच्या जागी गेलेल्या माणसाचं नाव आलं, तेही मुलाच्या आईसमोर. याहून मोठी चूक करायची म्हटली तरी शालनला जमली नसती.

"कोनाचं नाव घेतलंस गो?" कमळाबाईने विचारलं. तिला कळलं होतंच, तरी विचारलं.

"चुकलं, काकी. हर्षितच म्हणायचं होतं."

"भियाली ती," रंगूबाई मधे पडली. "कवापासून माज्या मागंच बसलीय, आज पयल्यांदा पुढं बसली. व्हतं असं."

 कमळाबाईने सुपारी तशीच राहू दिली, नारळ मात्र उचलून पिशवीत टाकला. "दोन दिस विचार करतंय, मंग सांगतंय," म्हणाली आणि चपला शोधत पायरी उतरली. खाली तिच्या नातवंडाने चपला उलट्यापालट्या करून ठेवल्या होत्या, त्याच्यावर ती जरा जास्तच ओरडली.

ठाकुर्लीच्या त्या जुन्या गावात आता कौलारू घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. शेतं गेली, शेतांवर टॉवर आले, टॉवरमध्ये गावकऱ्यांचेच फ्लॅट आले. लग्नात डीजे येतो, ड्रोन येतो, नवरी लिफ्टने खाली उतरते. पण आगरी माणसाच्या लग्नात धवलारीण आल्याशिवाय आजही पान हलत नाही. भटजी येतो तो अक्षता टाकायला. त्याआधी मांडव घालण्यापासून हळद लागेपर्यंत आणि शेवटी मांडव उतरेपर्यंत जे जे होतं ते धवलारीण गाऊन पार पाडते. तिने ओळ सुरू करायची, मागे बसलेल्या बायकांनी ती उचलायची. प्रत्येक धवल्यात, म्हणजे तिच्या लग्नगीतात, नवरा-नवरीच्या आणि त्यांच्या आईबापांच्या नावांच्या जागा मोकळ्या असतात. ज्याचं लग्न, त्याची नावं तिथे बसवायची.

गावात हे काम रंगूबाईने जन्मभर केलं. आता तिला दोन ओळींतच धाप लागत होती. तिच्या मागे ओळ उचलायला शालन कित्येक वर्षं बसत आली होती. विधवा बाई म्हणून ओटी भरताना, हळदीकुंकवाला ज्या बायका तिला हळूच बाजूला सरकवत, त्याच धवल्याला तिला जागा करून देत. रंगूबाई स्वतः विधवाच होती. या कामात कपाळ कोणी बघत नाही, गळा बघतात.

तर असा हा मान आपणहून चालत आला होता आणि शालनच्या जिभेने घात केला.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी डोंबिवलीला कामावर गेली. मैथिलीताईंच्या पोळीभाजी केंद्रात ती पोळ्या करायची. तिच्या पोळीला डोंबिवलीत नाव होतं, म्हणजे पोळीला होतं, तिला नव्हतं. गिऱ्हाईक काउंटरवर यायचं आणि ती आत तव्यापाशी असायची. तिला ते बरं वाटायचं. दोघी-तिघी मुली हाताखाली, कणकेचा गोळा, तवा, पंखा. दिवस कसा संपला ते कळायचं नाही. संध्याकाळ मात्र कळायची.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मैथिलीताईंनी तिला काउंटरमागच्या खुर्चीत बसवलं.

"शालन, मी ठाण्याला दुसरं केंद्र काढते आहे. तिथे मलाच बसावं लागणार. इथलं स्वयंपाकघर, मुली, सामान, सगळं तू सांभाळशील का?"

"मी?"

"तू नाही तर कोण? मात्र एक आहे. ते लग्नातलं गाणं तू घेणार असलीस तर मला आत्ताच सांग. सीझनमध्ये एक दिवसाआड सुट्टी घेतलीस तर माझं कसं चालायचं? रागावू नकोस, मी स्पष्ट बोलते."

"रागावते कशाला, ताई. खरंच आहे ते."

"मग सोमवारपर्यंत विचार करून सांग."

शालनला त्या क्षणी हायसं वाटलं हे कबूल करायला हवं. इथे कोणाचं नाव घ्यायचं नव्हतं. पोळी बिघडली तर बाजूला टाकता येत होती. तिने लगेच होच म्हटलं असतं, पण मैथिलीताई फोन घ्यायला उठल्या आणि ते राहून गेलं.

संध्याकाळी दिशाचा फोन आला, तिला शालनने दोन्ही गोष्टी सांगितल्या. दिशा तिची एकुलती एक मुलगी, ठाण्याला एका कंपनीत नवी माणसं घ्यायच्या खात्यात होती. लोकांच्या नोकऱ्यांबद्दल बोलणं हेच तिचं काम, त्यामुळे आईच्या नोकरीबद्दल बोलताना तिचा आवाजही ऑफिसचाच व्हायचा.

"आई, ऐक ना. मी मागच्या महिन्यात ट्रेनिंगला गेलेले, तिथे त्यांनी मस्त सांगितलेलं. डिसिजन घेताना भीती वाटली ना, तर आधी विचारायचं, नक्की कसली वाटतेय? लोक हसतील याची? पैसे जातील याची? जमणार नाही याची? एकदा कळलं की अर्धं टेन्शन खल्लास."

"हो का?"

"अगं सिरीयसली. तुला कसली वाटते, बोल."

"लोकांची असेल."

"झालं तर मग! लोकांचं काय एवढं? यूट्यूबवर टाकू तुझे धवले, हिट होशील. आणि नाही जमलं तर मैथिलीताई आहेतच. पण हां, सेफ तेच आहे खरं तर. बघ तू. चल, माझी मीटिंग आहे, जेवून घे."

शालनने फोन ठेवला. पोरगी हुशार होती, प्रश्नही बरोबर होता. फक्त उत्तर पोरीला सांगण्यासारखं नव्हतं.

परशुराम असताना तिने कधी त्याचं नाव घेतलं नव्हतं. घ्यायची रीतच नव्हती. "अवो" म्हटलं की तो वळायचा. नाव यायचं ते फक्त उखाण्यात. बारशाला, हळदीकुंकवाला, कोणाच्या दारात बायकांनी अडवलं की. तेव्हा लाजत, घाईघाईत, शेवटच्या ओळीत त्याचं नाव टाकून ती मोकळी व्हायची. तो गेला आणि तिला उखाणा विचारणं बायकांनी बंद केलं. त्यांची काही चूक नव्हती. विधवेला कोण विचारतं? पण त्या दिवसापासून ते नाव तिच्या तोंडातून कायमचं गेलं. लाइट बिलावर होतं, सातबाऱ्यावर होतं, दिशाच्या नावामागे होतं. घरात मात्र ते मोठ्याने उच्चारणारं कोणी उरलं नाही.

गेल्या वर्षी रंगूबाईने तिला धवले पहिल्यापासून म्हणायला सांगितले, तेव्हा अडचण झाली. नावाशिवाय धवला म्हणता येत नाही. मोकळ्या जागेवर नुसतं गुणगुणलं तर चाल लंगडते. तिने आधी कोणतीतरी नावं घालून पाहिली, ती कोरडी लागली. मग एका संध्याकाळी भाकरी थापता थापता तिने सहज परशुराम घातलं आणि ते त्या जागेत असं बसलं की तिच्या हातातली भाकरी परातीतच राहिली. नवऱ्या मुलाला हळदीच्या पाटावर बोलावणारा तो धवला होता. आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्याच आवाजात, इतक्या वर्षांनी तिला ते नाव ऐकू आलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी परशुराम हळदीच्या पाटावर येऊन बसत होता. घर तेवढा वेळ भरलेलं वाटायचं. शेजारपाजारच्यांना वाटे, शालन मेहनत घेते आहे.

रविवारी सकाळी ती रंगूबाईकडे गेली ती नाही सांगायलाच. रंगूबाई ओटीवर सुपात सुकट घेऊन निवडत बसली होती.

"मावशी, मना नाय जमाचा. कमळाकाकीला दुसरी कोणी बघू दे. मैथिलीताई मला पोळीभाजीचं सगळं सांभाळायला देतायत."

"बरा हाय," रंगूबाई म्हणाली. सुकटीतला कचरा तिने अंगणात फेकला. मांजर तिकडे धावलं, हुंगून परत आलं. "एक सांग. घरा गातंस तवा कोनाचं नाव लावतंस?"

शालन सुपातली सुकट चिवडू लागली.

"लाजतंस काय? मी पन तेच केलंता. आमचा डोकरा गेला न मी शिकाला बसले. रोज तेचंच लगीन लावीत व्हते." ती हसली आणि त्या हसण्याचा खोकला झाला. तो थांबल्यावर म्हणाली, "हलदीच्या फुरं गेलीस का कवा?"

"म्हणजे?"

"हलद लागली, मंग? लगीन लागतं, देव उठतान, मांडव उतरतो. तो शेवटचा धवला तू घरा गायलीस का एकदा तरी?"

नव्हती गायली. शालनच्या आत्ता लक्षात आलं. ती पहिल्यापासून सुरू करायची आणि हळदीच्या पाटाशी आली की तिथेच घुटमळायची. तोच धवला पुन्हा, तोच पुन्हा. मग भाकरी व्हायची, गॅस बंद व्हायचा. पुढचे धवले तिला पाठ होते, पण ते ती चुलीपुढे नाही, रंगूबाईच्या मागे बसूनच म्हणायची.

"मंग तो अजून पाटावंच बसून हाय तुज्या," रंगूबाई म्हणाली. "तिथं दुसरा नवरा कसा बसल? उठव तेला. सगला गा, मांडव उतरव, न मंग मना नाय सांगाला ये. तवा सांगितलंस तर मी आयकीन."

शालन घरी आली. दुपारची वेळ होती. दार लावून घेतलं, खिडकीही लावली. शेजारच्या टॉवरचं काम चालू होतं, तिकडून ठोकण्याचे आवाज येत होते. जमिनीवर मांडी घालून बसून तिने पहिला धवला धरला. मांडवाचा. मग पुढचा. हळदीचा पाट आला, परशुराम आला. सवयीने तिचा गळा परत मागे वळायला लागला, तो तिने वळू दिला नाही. हळद लावली. मुंडावळ्या बांधल्या. त्याचं नाव आणि तिचं नाव एका ओळीत आलं, ती ओळ तिने जरा हळू म्हटली. लग्न लागलं. वऱ्हाड जेवलं. देव उठले. मांडव उतरवायचा धवला आला, त्यात नावाची जागा नसते हे तिला माहीत होतं, तरी ती नावाची वाट बघत राहिली. शेवटची ओळ संपली. ती उचलायला मागे कोणी नव्हतं.

मग ती रडली. तो गेला तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, दिशा लहान होती, पाहुण्यांना चहा करावा लागत होता. तेव्हाचं राहिलेलं सगळं ती त्या दुपारी रडली. बाहेर ठोकणारे मजूर जेवायला थांबले तेव्हा तिला आपलाच आवाज ऐकू आला आणि तिने तोंडावर पदर धरला.

चार वाजता तोंड धुऊन ती कमळाबाईकडे गेली. कमळाबाई नव्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर राहायची. हॉलमध्ये पत्रिकांचे गठ्ठे पडले होते. हर्षित सोफ्यावर पडून मोबाइल बघत होता, तो उठून बसला आणि "मावशी, या ना" म्हणून आत गेला.

"काकी, हर्षितच्या मांडवाला मी गाते," शालन म्हणाली.

"भियालीस ना गो त्या दिशी?"

"भ्याले. अजून वाटते थोडी भीती. पण आता माहीत आहे कसली. पहिल्या धवल्याला चुकले तर मला तिथून उठवा. मी काय बोलणार नाही."

कमळाबाईने तिच्याकडे नीट बघितलं. शालनचे डोळे सुजलेले होते, ते लपण्यासारखे नव्हते. कमळाबाई उठली, देवघरातून नारळ आणून तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "चहा घेशील का?"

सोमवारी तिने मैथिलीताईंना नाही म्हणून सांगितलं आणि काम सोडलं. मैथिलीताईंना वाईट वाटलं, थोडा रागही आला. "नीट विचार केलास ना? मग माझ्यासारख्या बाईला काय बोलायचं उरतं?" असं म्हणून त्यांनी हिशेब केला आणि जाताना तिला डबाभर पुरणपोळ्या दिल्या, ज्या तिनेच सकाळी केल्या होत्या.

मांडवाच्या दिवशी शालन पुढे बसली. मागे ओळ उचलायला दोघीजणी, बाजूला खुर्चीत रंगूबाई. हर्षितला करवल्यांनी आणलं. तो जाकीट घालून आलेला, पाटावर कसं बसावं ते त्याला कळेना, बायका हसल्या. कॅमेरावाल्याने शालनला थोडं सरकायला सांगितलं. ती सरकली. कमळाबाई समोरच उभी होती, हातात हळदीची वाटी, आणि नजर शालनच्या तोंडावर.

शालनने ओळ धरली. जागा आली. "हर्षित," ती गायली, स्वच्छ, ठाम, आणि नाव आखूड म्हणून पुढे "बाला" जोडून चालीत बसवलं, रंगूबाईने शिकवलं होतं तसं. मागच्या दोघींनी ओळ उचलली. कमळाबाईने वाटीत बोटं बुडवली.

पुढचं सगळं सरळ झालं. गळा तापला तसा आवाज मोकळा होत गेला. म्हाताऱ्या बायका माना डोलवायला लागल्या, एकीने बटाट्याच्या भाजीत मीठ आहे का ते बघायला निघालेल्या आपल्या सुनेला थांबवून म्हटलं, बस, ऐक. शालन गात होती. नावं येत होती, जात होती. हर्षित, त्याची नवरी कल्पिता, त्याचे आईबाप, तिचे आईबाप. कोणाला कुठे ओढायचं, कोणाला कुठे तोडायचं ते आपोआप होत होतं.

हळद लागून झाली, बायका हात धुवायला उठल्या, तेव्हा तिच्या लक्षात आलं. पाटाचा धवला ती मघाशी दुसऱ्यांदा गायली होती, नवऱ्याच्या काकांनी हळद लावली तेव्हा. ती जागा येऊन गेली होती. परशुराम तिला आठवलासुद्धा नव्हता.

ती तशीच बसून राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं, आपल्याला भीती आहे ती त्याचं नाव भलत्या वेळी तोंडात येईल याची. रविवारी रडून झाल्यावरही तेच वाटलं होतं. खरी भीती ही होती, नाव तोंडात येणार नाही याची. काम जमेल आणि तो जाईल, याची. म्हणूनच ती इतकी वर्षं रंगूबाईच्या मागे बसली होती आणि म्हणूनच तव्यापाशी तिला बरं वाटत होतं. तिला रडू आलं नाही. पण समोर आणून ठेवलेलं ताट तिच्याने उचलवेना.

मांडवात डीजेवाल्याने वायरी जोडायला घेतल्या होत्या. पोरं खुर्च्या मागे सारत होती. कमळाबाई हळदीने भरलेल्या हातांनीच आली, शालनच्या खांद्यावरून घसरलेला पदर सारखा करून गेली, दोन शब्द बोलावेत इतकाही तिला वेळ नव्हता.

रंगूबाईने खुर्ची ओढून जवळ घेतली.  मग शालनच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "गेला काय?"

शालनने होकाराची मान हलवली.

"माझापन असाच गेलता," रंगूबाई म्हणाली. "खा थोरा. गला सुकल."

शालनने भाताचा एक घास घेतला. पाणी पिऊन तिने दुसरा घेतला. रंगूबाई तिच्याकडे बघत होती.

"मोहने गावच्या लोकांनी इचारलाय," रंगूबाई म्हणाली. "त्यांचे मांडवाला धवलारीन नाय. तुना पाठवू म्हंते. जाशील?"

डीजेचा पहिला ठोका पडला आणि मांडवभर पोरांनी आरोळी दिली. शालनने ताट बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि रंगूबाईच्या कानाशी वाकून मोठ्याने विचारलं, "नवऱ्या मुलाचं नाव काय?"